मदत हवी आहे: ११ महिन्यांची मुलगी गोड तिझनाशिवाय काही खात नाही

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली आई: मुलगी ११ महिन्यांची, वजन ८ किलो २०० ग्रॅम. सकाळी ९ ला माडाचा गूळ घातलेले नाचणीचे तिझन (खिरीसारखे), मग दोनदा अंगावरचे दूध, १२ ला उकड्या तांदळाची पेज. दोन-तीन चमचे गेले की तोंड घट्ट मिटते. मग मोबाईल लावून तासभर भरवणे. ४ ला चहात बुडवलेले बिस्किट, ६ ला बाटलीने २०० मिली गाईचे दूध, रात्री पुन्हा तिझन. डाळ, भाजी थुंकून टाकते. घरचे म्हणतात, गोड तरी पोटात जातेय ना! ही सवय कशी मोडायची? आणि मासे कधी, कोणते द्यायचे?

आहारतज्ज्ञ, फोंडा: ताई, आधी वजनाचे. या वयाच्या मुलींचे मधले वजन ८.७ किलोच्या आसपास असते, त्यामुळे ८.२ ला घाबरू नका. माता-बाल संरक्षण कार्डावर दर महिन्याचे टिंब मांडा. रेघ वर चढत असेल तर ठीक; सपाट झाली किंवा खाली वळली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

खरी गोष्ट अशी की तिला १२ ला भूकच नसते. ९ चे तिझन आणि वर दोनदा दूध, मग पेजेला जागा कुठली? जेवणाआधी दोन तास काही नको, अंगावरचे दूध जेवणानंतर पाजा. वरचे गाईचे दूध वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबवा. पुढेही दिवसाला ५०० मिलीच्या आत आणि पेल्यानेच, कारण दुधाने पोट भरलेल्या मुलांना लोह कमी पडते. चहा आजच बंद करा, तो तर अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. लोहाच्या औषधाबद्दल आरोग्य केंद्रात विचारा.

गूळ एका दिवसात तोडू नका. दोन चमचे घालत असाल तर दर तीन दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. बाराव्या दिवशी बिनगुळाचे तिझन होते. चव लागायला नारळाचा रस आणि कुस्करलेले केळे पुरते. घरी कुणी मध सुचवला तर तोही वर्षाच्या आत नको, त्यातल्या जंतूंनी बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

पेजेत पाणीच जास्त, पोट भरते पण अंगाला लागत नाही. तोच तांदूळ मूगडाळीबरोबर मऊ शिजवून घोटा, वर एक चमचा तूप. चमचा तिरपा केला तरी घास घसरून पडू नये, इतका घट्ट हवा. २५० मिलीची अर्धी वाटी, दिवसातून तीन-चार वेळा. मीठ-तिखट घालण्याआधी तिचा वाटा बाजूला काढा.

आता मोबाईल. चित्रे बघता बघता गिळणारे मूल पोट भरल्याची खूण शिकत नाही. काय आणि केव्हा द्यायचे हे आपण ठरवायचे, किती खायचे हे तिने. तिने मान फिरवली, ओठ मिटले की ताट उचला. २०-२५ मिनिटांत जेवण संपले पाहिजे. पहिले तीन-चार दिवस कमी खाईल, रडेलही. त्या दिवसांत आजीला सोबत घ्या, नाहीतर मागच्या दाराने बिस्किट येते! डाळ थुंकली म्हणजे नावडली असे नाही. वेगवेगळ्या दिवशी आठ-दहा वेळा समोर आली की बहुतेक मुले घेऊ लागतात.

म्हापशाची परिचारिका: मासे आत्ताच सुरू करा. मुडदुशी मऊ, पहिल्यांदा तीच बरी. तारल्यांचे बारीक काटे दिसत नाहीत, ती नंतर. मोरी (शार्क मासा) नको, तिच्यात पारा जास्त असतो. हळद लावून वाफवा, मग तुकडा बशीत पसरून दोन बोटांच्या चिमटीत चोळत जा. डोळ्यांना न दिसलेला काटा बोटांना लागतो. दोनदा चोळा. पहिल्या दिवशी सकाळी एकच छोटा चमचा, आणि तीन दिवस दुसरा नवा पदार्थ नको. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले तर थांबवून डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला तर लगेच १०८.

सत्तरी तालुक्यातली आई: जून-जुलैत बोटी बंद असतात तेव्हा खारे मासे भाजून चालतील का?

म्हापशाची परिचारिका: नको, धुतले तरी त्यांत मीठ फार राहते. त्या दोन महिन्यांत पूर्ण उकडलेले अंडे द्या. अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) रात्रभर भिजवून, शिजवून, साले काढून कुस्करा आणि वर लिंबाचे चार थेंब पिळा. त्याने लोह चांगले अंगी लागते.

आणि घट्ट घास सुरू केल्यावर ती उबळ येऊन आवाज करत खोकली तर घाबरून तोंडात बोट घालू नका, घास आणखी आत जातो. आवाजच बंद झाला, चेहरा निळा पडू लागला तर मांडीवर पालथी, डोके खाली, पाठीवर तळव्याने ५ थापा. नाही निघाले तर उताणी करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ दाब. घास निघेपर्यंत आळीपाळीने हेच, आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा.