मार्चमध्ये तीन प्रवास आणि त्यातच होली वीक (ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा), काय सोडू काय धरू? सल्ला हवाय

आल्टो_ताई
सगळ्यांना जय ख्रिस्त. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. यंदा २०२७ चा ईस्टर २८ मार्चलाच आलाय आणि आमच्या घरचा सगळा मार्च नेमका त्याच्यावर येऊन पडलाय. ५ तारखेला सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, ते दुसऱ्या शहरात. १३ ला मुलीची एंट्रन्स, ती तिसऱ्याच ठिकाणी. आणि २९ ला सोमवारी सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, तर सगळं कुटुंब त्यांच्याकडे जमणार. चर्चमध्ये माझ्याकडे क्वायर, संडे स्कूलचा मधला वर्ग, आणि यंदा गुड फ्रायडेच्या सात उद्गारांची (येशू वधस्तंभावरून बोलला ती सात वाक्यं, एकेकावर एकेक जण बोलतो) सगळी जुळवाजुळव. नवरा म्हणतो क्वायर सोड या महिन्यापुरती. ते मनाला पटत नाही. पण गेल्या आठवड्यात प्रॅक्टिस संपवून घरी आले तर धाकटा सोफ्यावर दप्तराला टेकून झोपलेला, हातात वही उघडी, तिच्यात पेन अडकवलेलं, माझी सही हवी होती त्याला. ते डोळ्यासमोरून जात नाहीये.

तर कोणाला काय सोपवू, प्रवासात असताना प्रॅक्टिसचं काय करू, आणि ईस्टरची पहाटेची उपासना झाली की तसंच गाडीने निघावं का? सात तासांचा रस्ता आहे.

जुना_सेक्रेटरी
ताई, मी बरीच वर्षं मंडळीचा सेक्रेटरी होतो, म्हणून आधी एकच सांगतो, ग्रुपवर "कोणी घेईल का" असं टाकू नका. हात जोडलेले इमोजी येतात, माणूस येत नाही. एकेकाला फोन करा आणि सांगा की १४ तारखेचा वर्ग तुमचा, धडा हा, रंग-कागद या कपाटात, चावी या माणसाकडे. चावीचं मुद्दाम सांगतोय. आमच्याकडे एकदा झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, सगळा क्वायर कपाटासमोर उभा होता, गाण्याच्या फायली आत, आणि चावी जिच्याकडे होती ती बहीण गावाला, पर्समध्ये चावी. तिचा काही दोष नव्हता, तिने काम दुसरीला नीट समजावून सांगितलं होतं, फक्त चावी राहिली. त्या दिवशी पाठ असलेली दोन गाणी गायली आणि ती बहीण फोनवर रडत होती.

संडे स्कूलला एक नाही, दोन मोठी माणसं द्या. मुलांच्या वर्गात एकटं कोणालाच ठेवू नये, तुमच्या जागी जाणाऱ्यालाही.

बेस_लाईन
प्रॅक्टिससाठी आम्ही करतो ते सांगतो, सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस चारही आवाज वेगवेगळे फोनवर रेकॉर्ड करायचे, प्रत्येक गाण्याचे, आणि पाचवं रेकॉर्डिंग सगळ्यांचं एकत्र. लोक स्वयंपाक करताना, येता-जाता ऐकतात. मग प्रॅक्टिसला सूर शिकवण्यात वेळ जात नाही, नुसतं एकत्र गायचं उरतं. तुम्ही नसाल तेव्हा क्वायरमधलाच कोणीतरी उभा करा, बाहेरचा नको. आणि कृपा करून यंदा नवीन गाणं एकच घ्या. गेल्या वर्षीचं चांगलं बसलेलं गाणं परत गायलं तर कोणाचं काही बिघडत नाही.

वाचनवाली
तुमच्या चर्चमध्ये तीन वर्षांच्या चक्राची लेक्शनरी, म्हणजे कोणत्या दिवशी बायबलमधलं काय वाचायचं याची ठरलेली यादी, असेल तर एक सोपं काम आजच होईल. होली वीकचे बरेचसे पाठ तिन्ही वर्षी तेच असतात. पाम संडेला, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, पॅशनच्या (येशूच्या दुःखसहनाच्या) पाठांत यशया ५० आणि फिलिप्पै २, गुड फ्रायडेला यशया ५३, स्तोत्र २२ आणि योहान १८-१९. म्हणजे वाचक आत्ताच ठरवा आणि पाठ त्यांच्या हातात द्या. योहानाचे ते दोन अध्याय लांब आहेत, एकट्याला देऊ नका, तीन-चार जणांत वाटा, ऐकणाऱ्यालाही बरं पडतं.

सात उद्गारांचं पण तसंच. तीन लूकमध्ये, तीन योहानात, आणि "माझ्या देवा, माझ्या देवा" हा मत्तय आणि मार्क दोघांत. लूकचे तीन एकाने बघायचे, योहानाचे तीन दुसऱ्याने, म्हणजे वक्त्यांना फोन करणं, आठवण करणं, वेळ सांगणं. तुमच्याकडे मधला एक आणि गाणी. तुम्हाला सात जणांच्या मागे लागावं लागणार नाही, दोघांशीच बोलायचं.

खिडकीजवळची_सीट
मी जरा वेगळं बोलते, राग नको. भाऊजी म्हणतात ते बरोबर आहे, क्वायर महिनाभर सोडाच. घरची माणसं एकदाच असतात.

पाळकांच्या_घरून
खिडकीताई, तुमचं म्हणणं कळतंय पण ताईला गाण्यातूनच बळ मिळतं असं मला तिच्या लिहिण्यावरून वाटतंय, तेच काढून घेतलं तर ती प्रवासात नुसती थकेल. सोडायचं तर संडे स्कूल सोडावं, आणि तेही चार रविवारच.

ताई, निर्गम १८ काढून वाच. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसलेला बघून त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला सांगतो. मला त्यातलं आवडतं ते हे, की थांबवायला घरचा माणूस आला, आणि मोशेने त्याचं ऐकलं. पाळकसाहेबांना स्वतः जाऊन भेट आणि तारखांसकट सांग. माझ्या नवऱ्याला लोक शेवटच्या दिवशी सांगतात तेव्हा त्याला राग येत नाही, वाईट वाटतं की आधी का नाही बोलले. आणि धाकट्यासाठी रोज एक ठरलेली वेळ ठेव, पंधरा मिनिटं चालतील पण फोन दुसऱ्या खोलीत.

रात्रीचा_ड्रायव्हर
ईस्टरला निघू नका. स्पष्टच सांगतो. पहाटेच्या उपासनेसाठी तुम्ही तीनला उठणार, त्याआधी शनिवारी रात्री फुलं आणि खुर्च्या लावून अकरा होणार, आणि मग सात तास गाडी. मी असं केलंय. मुलं मागे झोपलेली असताना माझा डोळा लागला, बायको ओरडली म्हणून आज लिहितोय. रेल्वे किंवा बस मिळत असेल तर ते बघा, नाहीतर दुपारी चार तास झोपा, संध्याकाळी अर्धं अंतर कापा, मुक्काम करा, सोमवारी सकाळी पोचा.

आणि ऑपरेशनला एका दिवसात जाऊन यायचं ठरवू नका. दुसऱ्या दिवशी तपासायला बोलावतात आणि पुढे काही आठवडे डोळ्यात थेंब घालावे लागतात, ते कोण घालणार हे निघायच्या आधी ठरलेलं हवं. थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा.

आल्टो_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. आज पाळकसाहेबांना भेटून आले. संडे स्कूलचे चारही रविवार दोन जणींनी घेतले, त्यातली एक म्हणाली मी वाटच बघत होते कोणी विचारेल म्हणून, ते ऐकून मला भरून आलं. क्वायर माझ्याकडेच राहतोय पण ६ आणि १३ ची प्रॅक्टिस टेनरमधला एक दादा घेणार, कपाटाची दुसरी चावी आजच त्याच्या हातात दिली. नवीन गाणं एकच. ऑपरेशनला मी ४ ते ७ राहतेय, नंतरचे थेंब नणंद घालणार. ईस्टरला दुपारी झोपून संध्याकाळी निघायचं, मध्ये मुक्काम, नवऱ्याने लगेच होकार दिला.

लूकच्या तीन उद्गारांना माणूस मिळाला. योहानाचे तीन बघायला अजून कोणी नाही, उद्या दोन फोन करते. आता धाकट्याची पंधरा मिनिटं, फोन ठेवतेय.