तांबट आळीवरचा फोटो प्रकल्प: भिंतीवर प्रिंट, पुस्तिका की स्लाइडशो?

शेवटचं_वर्ष: पुण्यातल्या तांबट आळीवर, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या वस्तीवर, फोटो प्रकल्प केलाय. निवडून २० फोटो उरलेत. निम्मी कारागिरांची पोर्ट्रेट, निम्मे हंडा घडवण्याचे टप्पे, पत्रा कापण्यापासून मठारकामापर्यंत (हातोडीने ठोके देण्यापर्यंत). कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. भिंत १० फूट रुंद, डिस्टेंपरची. प्रोजेक्टरही मिळेल. सगळे आडवे, १२ बाय १८ इंचांत भिंतीवर लावावेत असं वाटतंय. बसतील का?

कागदपारखी: नाही बसणार. १० फूट म्हणजे १२० इंच. १८ इंचांच्या ५ प्रिंट आणि मधे ३-३ इंच जागा धरली की १०२ इंच झाले, दोन्ही कडांना ९ इंच उरतात. सहावी घेतली की १२३. दुसरी-तिसरी ओळ लावून कोंबू नका, पोर्ट्रेटला भोवती मोकळी जागा लागते.

मुळात तुमच्याकडे दोन वेगळ्या जातींचे फोटो आहेत. पोर्ट्रेटसमोर माणूस थांबतो, त्यामुळे ती भिंतीवर. टप्पे एकामागून एक पाहायचे असतात. ते पुस्तिकेत घाला. आधी सगळ्यांच्या ४ बाय ६ च्या स्वस्त प्रिंट काढून टेबलावर पसरा. १० पोर्ट्रेटमधली सर्वांत ताकदीची ५ तिथेच दिसतील.

प्रोजेक्टर टाळाच. कारखान्यातला अंधार हाच या फोटोंचा जीव आहे आणि पूर्ण काळोख न झालेल्या खोलीत प्रोजेक्टरचा काळा रंग राखाडी होतो.

अंधारखोली: वरच्याशी सहमत. प्रिंटबद्दल थोडं.

१२ बाय १८ च्या कागदावर प्रतिमा १० बाय १५ ठेव, भोवती पांढरी कड राहू दे. प्रमाण ३:२ च राहतं, काही कापलं जात नाही. ए-३ चं प्रमाण ३:२ नाही, तो घेतलास तर वर-खाली जादा कड नाहीतर फोटोला कात्री, दोन्हींपैकी एक येणारच. लांब बाजू ४५०० पिक्सेल, ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल), रंगांची सेटिंग एसआरजीबी. शार्पनिंग (कडा रेखीव करणं) आकार बदलल्यानंतर.

तांब्यात खरी गोची लाल चॅनेलची, म्हणजे फोटोतल्या लाल रंगाच्या पातळीची. एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल एकटाच उजव्या, सर्वांत उजळ टोकाला आपटलेला असतो. मग मठारकामाचे ठोके जाऊन नुसता नारिंगी डाग छापला जातो. लाल वेगळा बघ आणि नारिंगीचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) उतरव.

लॅबला ‘ऑटो करेक्शन बंद’ असं लिहूनच दे. नाहीतर मशीन अंधारे फोटो उजळून टाकतं. मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण असेल तर उलट होतं, प्रिंट काळपट येते. पाचही फोटोंच्या चाचणीच्या पट्ट्या एकाच शीटवर छापून, जिथे लावणार त्याच दिव्याखाली बघ. कागद लस्टर (कमी चमकेचा) घे. ग्लॉसीवर दिवे चमकतात.

शेवटचं_वर्ष: प्रिंट चिकटवायला सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) ३ एमएम चालेल? आणि मागे डबल टेप?

कागदपारखी: ५ एमएम घ्या. प्रिंट एकाच बाजूला चिकटवली की दमट हवेत बोर्ड धनुष्यासारखा वाकतो. मागेही तेवढाच साधा कागद चिकटवा, ओढ सारखी होते. डिस्टेंपरची भुकटी सुटते, त्यामुळे टेप रात्रीतून पडते. बारीक खिळे मारा. प्रिंटचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर, म्हणजे वरची कड ६४ वर. माप जमिनीपासून घेऊन दोरी ताणा. फरशीला उतार असेल तर दोरीच सरळ धरा. नावपट्ट्या १४ पॉइंट, उजव्या खालच्या कोपऱ्याशेजारी.

अंधारखोली: पुस्तिका ए-५, मधे पिना. पानं ४ च्या पटीत लागतात. १६ पानं म्हणजे ए-४ चे ४ कागद, मुखपृष्ठ धरून. आत १७० जीएसएम (चौरस मीटरला १७० ग्रॅम) मॅट कागद पुरे. जाड मुखपृष्ठाला घडीआधी क्रीझिंग (घडीची खाच) करून घे, नाहीतर शाई तडकते. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला सगळीकडून ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग). दोन पानांवर पसरलेल्या फोटोत हातोडा किंवा चेहरा घडीवर येऊ देऊ नकोस. छापायला देण्याआधी साध्या कागदावर घडी घालून पानं क्रमाने उलटून बघ.