‘उत्पन्न किती लिहू?’ : निराधार योजना, रेशन, दाखले... तुमचे अनुभव सांगा

बाबा गेले तेव्हा मी अकरावीत होते. आई चार घरची धुणीभांडी करायची. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिन्याला हजार रुपये मिळतात (२०२३पासून दीड हजार झाले), असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखला तहसीलचा, पण आकडा तलाठ्यांच्या अहवालातला, म्हणून आधी त्यांच्याकडे गेलो.

"उत्पन्न किती लिहू?"

"महिन्याला चार हजार पडतात, साहेब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,०००च्या आत लागतं. तुम्ही बसत नाही."

वर्षाला २१,००० म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. त्यात कोण जगतं? शेवटी त्यांनीच २०,००० लिहिले. आईने कागद पदरात गुंडाळला. एसटी स्टँडवर आल्यावर हळूच म्हणाली, "आपण खोटं सांगितलं का गं?" मला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही.

योजनेच्या समितीची बैठक होऊन मंजुरी यायला सात महिने लागले. त्या पैशांवर माझी बारावी झाली. तुमच्या घरी कुठे अडलं, कशाने सुटलं, लिहा.

बीडकडून :
आमचं अडलं अंगठ्यावर. आईवडील ऊसतोडीला जातात. कोयता धरून धरून आईच्या बोटांवरच्या रेषाच गेल्यात. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा ठेवायची, लागायचा नाही. ओल्या फडक्याने पुसायची, पदराला कोरडा करायची, तरी नाही. मागे रांग. दुकानदार भला माणूस, दहाही बोटं लावून बघितली त्याने. डाव्या हाताची करंगळी लागली एकदाची! आता आई दुकानात गेली की आधी करंगळीच पुढे करते. माणशी पाच किलो धान्याचा प्रश्न, घरात सहा माणसं.
अजून एक. सहा महिने कारखान्याच्या तळावर असलो की आमचं रेशन बुडायचं. आपल्याच कार्डावर तिथल्या दुकानातही धान्य उचलता येतं, हे दोन हंगाम कुणी सांगितलंच नाही.

नालासोपाऱ्यातून :
लाडकी बहीणचा अर्ज मंजूर, पण पैसे नाहीत. दोन महिने बँकेच्या पायऱ्या झिजवल्या. पैसे जात होते लग्नाआधी माहेरी काढलेल्या खात्यात! अर्जात कुठलंही खातं लिहा, आधार ज्या खात्याला जोडलंय तिथेच जमा होतात. बायांनो, आधी ते तपासा.

मी सेतू केंद्रात बसतो :
सर्वांत जास्त अर्ज परत येतात ते नावावरून. आधारवर माहेरचं आडनाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं घरातलं नाव. अर्जाआधी सगळे कागद एकाशेजारी एक मांडून अक्षर न् अक्षर जुळवा. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यात दाखल्याला मुदत ठरलेली आहे, मुदत टळली तर अपील करता येतं. पण पोच नसेल तर अर्ज दिला होता हे दाखवणार कसं?

भाऊ गेला तेव्हा :
दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकरकमी २०,००० मिळतात. वहिनीला हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तुमच्या गल्लीत असं कुणी असेल तर आजच जाऊन सांगा.

निवृत्त तलाठी :
ताई, तुमचा अनुभव दोनदा वाचला. मीही असे आकडे लिहिलेत. समोर बसलेली बाई किती राबते ते हातावरून दिसायचं. खरं लिहिलं असतं तर एकीचाही अर्ज पुढे गेला नसता. आकडा मी लिहायचो, सही माझी असायची. एवढं आईंना वाचून दाखवा.