मदत हवी आहे: बीएमआय लॅमिनेट पाणी पितंय, २५० अंशांना फोड येतात

मंडळी, भोसरीत आमचं छोटं युनिट आहे. ग्लास फॅब्रिक (काचेचं कापड) आणि बीएमआय (बिसमॅलिमाइड, जास्त तापमान सोसणारं) रेझिन यांच्या थरांचं लॅमिनेट करून इन्सुलेशनचे भाग बनवतो. उन्हाळ्यात काही तक्रार नसते. पावसाळ्यात मात्र गोदामात पडून राहिलेला भाग पार्टीने थेट २५० अंशांच्या ओव्हनमध्ये टाकला की त्यावर साबुदाण्याएवढे फोड येतात. एक फोड कापून पाहिला. आतले थर सुटलेले, तंतू चकचकीत, त्यांच्यावर रेझिनचा लवलेश नाही.

७० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत नमुने ठेवले. वजन २.३ टक्के वाढून थांबलं. सावकाश सुकवलं की जवळजवळ मूळ वजनावर येतं, त्यामुळे रेझिनचं विघटन होत नसावं. पण ओल्या नमुन्याचा टीजी (ज्या तापमानाला रेझिन मऊ पडायला लागतं ते) बराच घसरतो.

एक जण म्हणतो पोस्ट-क्युअर (रेझिन घट्ट झाल्यावर पुन्हा तापवणं) वाढवा, दुसरा म्हणतो बीएमआयऐवजी सायनेट एस्टर रेझिन घ्या. ते पाणी कमी पितं हे खरं, पण क्युअरआधी (घट्ट होण्याआधी) ओलावा लागला तर कार्बामेट नावाचं संयुग बनतं आणि तापल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे परत फोडच! आमच्या शेडमध्ये जुलैत भिंतींनाही ओल येते, शिवाय भाव ऐकूनच घाम फुटतो. वरून लेप देऊन भागेल का?

प्रतिसाद १:
लेपाने पाणी उशिरा शिरेल एवढंच. माल बराच काळ पडून राहिला तर शेवटी तेवढंच मुरणार. पोस्ट-क्युअरचंही तसंच, रेझिनच्या रेणूंचं जाळं घट्ट झालं म्हणून पाणी कमी होईलच असं नाही, कधीकधी वाढतंसुद्धा.

रेझिन बदलण्याआधी हिशेब करा. काच पाणी पीत नाही. नुसत्या रेझिनची चकती ओतून ती लॅमिनेटशेजारी ठेवा. समजा चकतीने ४ टक्के घेतलं आणि लॅमिनेटमध्ये रेझिन वजनाने ४० टक्के आहे, तर लॅमिनेट १.६ वर थांबायला हवं. त्याच्या वरचं पाणी पोकळ्यांत किंवा काच-रेझिनच्या सांध्यात बसलंय. तुमचे चकचकीत तंतू पाहता मला सांध्याचाच संशय येतो. फॅब्रिकवरचं सिलेन फिनिश (काच आणि रेझिन जोडून ठेवणारा पातळ थर) कोणत्या रेझिनसाठी आहे? आणि तोवर पार्टीला सांगा, भाग आधी १२० अंशांना नीट सुकवा, मग तापमान हळूहळू चढवा.

धागाकर्ता:
चकती आज ओततो. रेझिन ४० टक्क्यांच्या आसपासच आहे. पुरवठादाराला फोन केला, फिनिश एपॉक्सीसाठीचं आहे म्हणे. बीएमआयला चालणारं फॅब्रिक पुण्यात थोड्या प्रमाणात कोण देईल? आख्खा रोल परवडणार नाही, चाचणीपुरते चार-पाच मीटर हवेत.