हिरव्या इग्वानाला आपल्या भाजीबाजारातलं नेमकं काय द्यावं?

प्रश्न – गच्चीतली_बाग, पुणे

हिरवा इग्वाना (पाळलेला मोठा, सरड्यासारखा प्राणी), मादी, वय साधारण दीड वर्ष. थुथनीपासून शेपटीच्या मुळापर्यंत २५ सेंमी. सध्याचं खाणं असं: रोज पालक आणि कोबी, वर काकडी, अधूनमधून केळं. विक्रेत्याने आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं द्यायला सांगितलं आहे. पिंजरा गॅलरीच्या काचेला लागून आहे, सकाळी दोन-तीन तास ऊन येतं. गेल्या आठवड्यापासून मागच्या पायाची बोटं मधूनच फडफडतात. नाकाशी पांढरी पूडही दिसते.

परदेशी याद्यांमधले कोलार्ड, डँडेलियन हे पाले इथे मिळत नाहीत. मंडईत काय शोधू? अंडं चालू ठेवायचं का? कॅल्शियमची पावडर कोणती?

उत्तर १ – पालापाचोळा

आधी बोटांचं. बोटं फडफडणं हे रक्तातलं कॅल्शियम उतरल्याचं लक्षण असू शकतं. आहार बदलून बघू म्हणून थांबू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला एक-दोन दिवसांत दाखवा. झटके आले तर त्याच दिवशी. क्ष-किरण चित्रात हाडांची घनता कळते. जबडा दाबल्यावर रबरासारखा लवतोय का, मांड्या जाड आणि टणक झाल्यात का, चालताना पोट जमिनीवरून उचललं जातंय का, हेही बघून ठेवा. जाड मांडी म्हणजे बाळसं नव्हे. हाड ठिसूळ झालं की त्याच्याभोवती तंतुमय ऊती वाढतात, त्याने ती तशी दिसते.

आता पाला. खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं. पालकात कॅल्शियम आहे, पण ऑक्झॅलेट ते बांधून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. चुका, माठ, तांदुळजा, राजगिरा, चाकवत, घोळ ही सगळी त्याच वाटेची. महिन्यातून एखाद्या वेळी चिमूटभर पडली तर बिघडत नाही, रोजच्या ताटात नकोत. कोबी-फ्लॉवर रोज दिले तर थायरॉइडला त्रास होऊ शकतो. काकडी म्हणजे पाणी. केळ्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम नगण्य.

रोजच्यासाठी हे घ्या:

– लसूणघास (ल्युसर्न हा हिरवा चारा, लसूण नव्हे). गवळीवाड्यात किंवा चाराविक्रेत्याकडे जुडी मिळते. कोवळे शेंडे आणि पानं घ्या, जाड देठ टाका.
– शेवग्याचा पाला. शंभर ग्रॅमला तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम. काड्या काढून फक्त पानं.
– तुतीची आणि जास्वंदीची पानं. सोसायटीच्या आवारात असतात. फवारणी होत नाही ना, ते माळ्याला विचारा.
– मेथी, कोथिंबीर आलटून पालटून.

वजनाने साधारण ८० टक्के पाला, १५ टक्के दुधी, लाल भोपळा, फरसबी किंवा भेंडी, उरलेल्या ५ टक्क्यांत जास्वंद, गोकर्ण, गुलाबाच्या पाकळ्या आणि फळ. फळात अंजीर आणि पपई उत्तम. एकाच पाल्यावर महिनोन्महिने ठेवू नका, तो कितीही चांगला असला तरी. दर आठवड्याला निदान तीन प्रकार फिरते ठेवा.

इग्वाना चावून खात नाही, तोडून गिळतो. म्हणून भोपळा, दुधी किसून आणि पाला बारीक चिरून द्या. पाला आधी पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून तीनदा धुवा आणि ओलाच वाढा, कारण हा प्राणी बरंचसं पाणी खाण्यातूनच घेतो. नाशिककडून कुणी द्राक्षाची पानं आणून दिली तर बागेतली घेऊ नका, तिथे फवारण्या फार. परसातल्या वेलीची चालतील.

उत्तर २ – शेवटचा_बाक

अंडं पूर्ण बंद करू नये असं माझं मत आहे. वाढत्या वयात प्रथिनं लागतातच की. आठवड्याला पाव अंडं दिलं तर काय बिघडेल?

उत्तर ३ – पालापाचोळा

प्रथिनं लागतात हे बरोबर, पण ती पाल्यातून मिळतात. लसूणघास त्यासाठीच वर लिहिला आहे. इग्वाना अंड्यातून बाहेर आल्यापासून पानंच खातो. त्याच्या मोठ्या आतड्यात कप्पे असतात, तिथे जिवाणू तंतू आंबवतात, आणि ऊर्जेचा मोठा वाटा त्या आंबवण्यातून मिळतो. अंडं, चिकन, कुत्र्याचं कोरडं खाणं, किडे दिले की पिल्लू झपाट्याने वाढतं आणि मालक खूश होतो. पण प्राण्याच्या प्रथिनातून बनणारं युरिक आम्ल मूत्रपिंडांना बाहेर टाकावं लागतं. पाणी कमी पडलं तर ते सांध्यांत आणि मूत्रपिंडांत साठतं. प्रौढ इग्वाना मूत्रपिंडं निकामी होऊन दगावणं फार सर्रास आहे. रोग दिसायला काही वर्षं जातात, त्यामुळे अंड्याचा दोष कुणाला दिसत नाही. पाव अंडंही नको.

उत्तर ४ – उन्हाचा_कवडसा

पाला सुधारला तरी काचेमागचं ऊन तसंच राहिलं तर उपयोग नाही. खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडीत उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांनी तयार होतं. साधी काच ते किरण जवळजवळ पूर्ण अडवते. ड३च्या थेंबांवर इग्वानाच्या बाबतीत विसंबता येत नाही. जास्त झालं तर मऊ अवयवांत कॅल्शियम साठतं.

उपाय दोन. एक, जाळीच्या पिंजऱ्यात बाहेरचं थेट ऊन, सकाळी अर्धा तास, आठवड्यातून चार-पाच वेळा. निम्म्या पिंजऱ्यावर सावली हवीच. काचेच्या टाकीत उन्हात कधीही ठेवू नका, काही मिनिटांत प्राणी भाजून मरतो. दोन, सरळ नळीचा टी५ यूव्हीबी दिवा, १० ते १२ टक्के यूव्हीबीचा, पाठीपासून ३० ते ४५ सेंमीवर, रोज बारा तास. बारीक जाळीतून किरण बरेच कमी होतात. दिवा दिसायला पेटता असला तरी वर्षाने बदला, कारण उजेडाआधी यूव्हीबी संपतो.

उष्णतेचं तितकंच महत्त्व आहे. शेकायची जागा ३५ ते ३८ अंश, सावलीची बाजू २६ ते २८. रात्री २२च्या खाली जाऊ देऊ नका. पुण्याच्या डिसेंबरात यासाठी थर्मोस्टॅट लावलेला सिरॅमिक हीटर लागतो. तापणारे दगड घेऊ नका, पोट भाजतं. अंग गार राहिलं तर आतड्यातले जिवाणू मंदावतात आणि पाला पोटात नुसता पडून राहतो. म्हणून खाणं सकाळी, तासभर शेकून झाल्यावर द्यायचं. संध्याकाळी उशिरा दिलेलं नीट पचत नाही.

नाकाशी दिसणारी पांढरी पूड बहुतेक मीठ आहे. पाल्यातले जादा क्षार तो शिंकून बाहेर टाकतो. सर्दीचं औषध घालू नका. चिकट स्राव किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेणं दिसलं, तर मात्र डॉक्टरांकडे.

उत्तर ५ – काष्ठौषधी

पावडरीबद्दल. साधं कॅल्शियम कार्बोनेट, फॉस्फरस नसलेलं. डबा उलटून घटक वाचा. पक्ष्यांच्या, जनावरांच्या मिश्रणांत फॉस्फेट असतं. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन (माकूलजातीच्या समुद्री जिवाचं आतलं कवच) मिळतो, तोही कॅल्शियम कार्बोनेटच. दोन दिवस पाणी बदलत भिजवून मीठ काढा, कडक उन्हात वाळवा, खरवडून वस्त्रगाळ करा. या वयाला रोज एक चिमूट, पाल्यावर भुरभुरून. पूर्ण वाढ झाली की आठवड्यातून दोन-तीनदा. ढीग घातलात तर चव बदलते आणि ती ताटच सोडते. तपासणी झाली की प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

खायचा चुना देऊ नका. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे, तोंड आणि अन्ननलिका पोळते.

चाराविक्रेत्याकडे लसूणघासाबरोबर सुबाभूळही असतो. त्यातलं मिमोसिन विषारी आहे, जुडी निवडून घ्या. अळू, मनी प्लांट, डायफेनबाकिया, कण्हेर, रुई, कांदा, लसूण, अव्होकाडो यांतलं काहीही नको.

उत्तर ६ – उन्हाचा_कवडसा

मादी आहे म्हणून एक राहिलं. नर नसतानाही ती दोन-तीन वर्षांची झाली की अंडी धरू शकते. तेव्हा पोट फुगतं आणि खाणं कमी होतं, पण ती चपळ असते, सारखी उकरत राहते. त्या आठवड्यांत कॅल्शियम रोज, आणि ओलसर माती-वाळू भरलेली, तिला आत वळता येईल एवढी, फूटभर खोल पेटी. पेटी नसेल तर अंडी अडकून राहतात. खाणं बंद आणि अंगही सुस्त असेल तर वाट बघू नका.

आणि इग्वाना साइटिसच्या (वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. अंड्यांतून पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तर तेही कळवावं लागतं.