उत्तर: गुणी पण वाया चाललेला विंगर

दादा, सांगलीच्या फुटबॉल संघात या विंगरला (मैदानाच्या कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूला) घ्यायचं का यावर ‘कोल्हापूरच्या संघाने सोडलेला पोरगा सांगलीत येऊन काय दिवे लावणार’ हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. इंग्लंडच्या जेसी लिंगार्डचं बघा. मँचेस्टर युनायटेडमध्ये नुसता बाकावर बसून होता. जानेवारी २०२१ मध्ये वेस्ट हॅम या दुसऱ्या क्लबला लोनवर (तात्पुरता उसना) गेला, पहिल्याच सामन्यात ॲस्टन व्हिलाविरुद्ध २ गोल, आणि हंगामअखेरीस लीगच्या १६ सामन्यांत ९! पाय तेच होते, फक्त तिथल्या प्रशिक्षक मॉयेसने त्याला सलग खेळवलं. युनायटेडला परतला तर पुन्हा बहुतेक वेळ बदली खेळाडू.

म्हणून पोराला घेतलं तर खेळवायचं, शोभेला बसवायचं नाही. एक चूक झाली की बाहेर काढणार असाल तर घेऊच नका, उगीच त्याचं आणखी एक वर्ष जाईल.

बचावाला मागे धावायचा या पोराचा आळस जगजाहीर आहे (डावा पाय मात्र काय आहे राव!). मग त्याला विंगवर कशाला ठेवता? स्ट्रायकरच्या (सगळ्यात पुढे खेळणाऱ्याच्या) मागे मोकळा सोडा. पैशाचं नंतर बोलू, आधी महिनाभर मिरजेला सकाळच्या सरावाला वेळेवर येतो का ते बघा. येत नसेल तर मीच तुमच्या बाजूने.