मदत हवी आहे : स्मृतिभ्रंशाचा धोका कमी ठेवण्यासाठी आईला मोबाईल ॲपचा उपयोग कसा करून द्यावा?

नमस्कार.

माझी आई ६८ वर्षांची असून परळला एकटी राहते. तिला स्मृतिभ्रंश झालेला नाही आणि तशी शंका घ्यावी असे डॉक्टरांनाही काही आढळलेले नाही. मात्र माझ्या मोठ्या मावशीला हा आजार होता आणि तिचे अखेरचे दिवस आईने फार जवळून पाहिले आहेत. तेव्हापासून चष्मा कुठे ठेवला हे आठवले नाही, तरी आईचा चेहरा उतरतो. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, साखर काठावर आहे आणि अलीकडे ऐकू कमी येऊ लागले आहे. मी बोरिवलीला राहते, भाऊ पुण्याला असतो. आईला मोबाईल बऱ्यापैकी वापरता येतो, म्हणून त्याचा या कामी नीट उपयोग करून घ्यावा असे आम्हा दोघांना वाटते. ज्यांनी आपल्या आईवडिलांसाठी असे काही केले आहे, त्यांचा सल्ला हवा आहे.

आधी मी जे वाचले ते थोडक्यात सांगते, म्हणजे प्रश्न कुठून आला ते कळेल. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली बदलता येण्याजोगी १४ जोखमीची कारणे सांगितली आणि ती सर्व दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल, असा अंदाज मांडला. उच्च रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणे, उपचार न केलेला दृष्टिदोष, वाढलेले एलडीएल (म्हणजे 'वाईट') कोलेस्टेरॉल, बैठे जीवन, नैराश्य, एकटेपणा, हवेचे प्रदूषण ही त्यांतली काही. हा आकडा सबंध लोकसंख्येचा आहे. एखाद्या व्यक्तीला त्यातून हमी मिळत नाही, हे मी जाणून आहे. तरीही आईच्या बाबतीत यांतल्या किती गोष्टी लागू पडतात हे पाहिल्यावर स्वस्थ बसवले नाही.

'डिमेन्शिया' असा शोध घेतला की मोबाईलवर सर्वांत आधी मेंदूच्या व्यायामाचे खेळ समोर येतात. असे एक ॲप आम्ही आईला घालून दिले होते. त्यात इंग्रजी अक्षरांच्या चौकटीतून शब्द शोधायचे होते. आई मराठी शाळेतून जुनी अकरावी झालेली. तिला इंग्रजी वाचता येते, पण घड्याळ चालू असताना इंग्रजी शब्द सुचणे ही वेगळी गोष्ट आहे. खेळ संपल्यावर पडद्यावर तिच्या मेंदूचे वय ७९ असल्याचे झळकले. तिने फोन पालथा ठेवला आणि रात्री मला फोन करून विचारले, "खरंच का गं तसं असतं?" त्या आकड्यात तिची भाषा, शिक्षण, ऐकण्याची अडचण यांचा काहीच विचार नव्हता. असा आकडा परस्पर वृद्ध माणसाच्या समोर ठेवणे मला अत्यंत अनुचित वाटते.

खेळ सरसकट निरुपयोगी आहेत असे मात्र मला म्हणायचे नाही. अमेरिकेतील 'ॲक्टिव्ह' या अभ्यासात सुमारे २८०० ज्येष्ठांपैकी ज्यांनी नजरेने झटपट टिपण्याचा संगणकीय सराव केला, त्यांच्यात दहा वर्षांनंतर स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. स्मरणशक्तीच्या किंवा तर्काच्या सरावाने तसा फरक दिसला नाही. म्हणजे एका विशिष्ट सरावाचा निष्कर्ष प्रत्येक खेळाला चिकटवता येत नाही. 'ल्युमॉसिटी' या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीवर खेळांमुळे बौद्धिक घट लांबते असे दावे पुराव्याविना केल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला होता आणि २०१६ साली तिने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले.

म्हणून मला आता वाटते की मोबाईलचा खरा उपयोग रक्तदाब, कान, चालणे आणि माणसांचा सहवास या चार ठिकाणी व्हावा.

रक्तदाबाचे सांगते. आईकडे दंडाला पट्टा बांधायचे यंत्र आहे. ती सकाळी चहापूर्वी पाच मिनिटे शांत बसून मोजते आणि वरचा व खालचा आकडा कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिते. महिना उलटला की ते पान मागे जाते आणि डॉक्टरांकडे जाताना आकडे सापडत नाहीत. नोंदीचे एक ॲप घेतले, तर त्यात महिना आधी आणि तारीख नंतर, आकड्यांची कळपट्टी बारीक, आठवण करून देणारा संदेश इंग्रजीत. सध्या ती यंत्राच्या पडद्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवते आणि मी नोंद करते. कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगणाऱ्या ॲपच्या वाटेला कृपया कोणी जाऊ नये. अशा एका लोकप्रिय ॲपची अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा रक्तदाब वाढलेल्या पाचपैकी जवळजवळ चार जणांना त्याने तो ठीक असल्याचे दाखवले होते. 'स्प्रिंट माइंड' या २०१९ च्या अभ्यासात वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक घट कमी आढळली, पण स्मृतिभ्रंशातील घट निर्णायक ठरली नाही. आईचा रक्तदाब किती असावा हे अर्थात डॉक्टरच ठरवतील; आम्हाला त्यांच्यापुढे विश्वासार्ह आकडे ठेवायचे आहेत. मध्यम वयातला उच्च रक्तदाबही पुढे या आजाराशी जोडलेला असल्यामुळे त्याच यंत्रावर आता मी माझाही मोजू लागले आहे.

कानांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचे मोफत 'हिअर डब्ल्यूएचओ' ॲप आहे. त्यात गोंगाटातून ऐकू येणारे अंक ओळखायचे असतात. त्यावरून तपासणीची गरज आहे का एवढेच कळते. आईला वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत न्यायचे आम्ही ठरवले आहे. 'अचीव्ह' या २०२३ च्या अभ्यासात श्रवणयंत्रामुळे सर्वांनाच फायदा झाला नाही, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली. अडचण अशी की आई यंत्र लावायला तयार नाही. शेजारी काय म्हणतील, ही तिची भीती आहे.

सहवासाचा प्रश्न मला सर्वांत कठीण वाटतो. आमची चाळ पुनर्विकासात गेली आणि आई बाविसाव्या मजल्यावर राहायला आली. चाळीत सामाईक गॅलरीत उभे राहिले तरी दिवसभर कोणी ना कोणी बोलत असे. आता लिफ्टमधून उतरेपर्यंत एक शब्दही होत नाही. पावले मोजणारे ॲप तिला चालायला उठवते, हे खरे, पण एकटीने घातलेल्या फेऱ्यांनी ही उणीव भरत नाही. त्यात हिवाळ्यात आजूबाजूच्या बांधकामांची धूळ इतकी असते की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हवेचा निर्देशांक पाहून मगच तिला बाहेर पडायला सांगते.

फिनलंडमधील 'फिंगर' या अभ्यासात ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असे सर्व एकत्र दिले गेले आणि त्यांच्या बौद्धिक क्षमतेत माफक पण स्पष्ट फरक पडला. अमेरिकेतील तशाच 'पॉइंटर' अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ साली आले. तिथे स्वतःच्या मनाने सवयी बदलणाऱ्यांचीही प्रगती झाली, परंतु ठरलेल्या गटबैठका आणि नियमित पाठपुरावा मिळालेल्यांची अधिक झाली. यावरून माझे मत असे झाले आहे की ॲप निवडताना ते आईला काय शिकवते यापेक्षा त्यामुळे तिच्याशी कोणते माणूस जोडले जाते हे पाहावे.

आता प्रश्न विचारते. मराठी लिपीत, मोठ्या अक्षरांत चालणारे आणि रक्तदाबाच्या यंत्रातून आकडे आपोआप घेऊन घरच्यांना दाखवणारे एखादे ॲप कोणी प्रत्यक्ष वापरले आहे का, आणि त्यातील नोंदी तुमच्या डॉक्टरांनी खरोखर पाहिल्या का? काही ॲप फोनमधील सर्व संपर्क आणि ठिकाण पाहण्याची परवानगी मागतात. ती नाकारूनही काम चालते का? परळ, लालबाग किंवा दादर भागात सकाळी एकत्र चालणारा, नव्या बाईला सामावून घेणारा ज्येष्ठांचा गट कोणाला माहीत आहे का? आणि श्रवणयंत्राला नकार देणाऱ्या आईची किंवा वडिलांची समजूत तुम्ही कशी घातली, हे कोणी सविस्तर लिहिले तर मी अतिशय आभारी राहीन, कारण पुढच्या आठवड्यात वांद्र्याला जाण्यापूर्वी आईशी त्याविषयी बोलायचे आहे.